राधक्काचा रेडिओ

परवा एका सभेत एक सद्गृहस्थ तावातावाने म्हणाले, "रेडिओने बायका बिघडल्या. कामात लक्ष नाही, सदा कान तिकडे." समोरच्या पुरुषांनी माना डोलावल्या. मी उभी राहून विचारलं, "कान तिकडे असले तर तुमचं काय बिघडलं? हात तर तुमच्याच कामात आहेत ना?" मला खाली बसवण्यात आलं. मला खाली बसवलं की मी घरी येऊन लिहिते, ही माझी जुनी खोड. म्हणून आज राधक्काबद्दल लिहिते आहे. त्या सद्गृहस्थांना उत्तर द्यायला ती तिथे हवी होती. मी उभी राहिले, पण ती त्यांना हसवून गारद करून आली असती.

बेंगळूरच्या चिकपेटेच्या मागच्या अंगाला आमची शिंपी गल्ली. एका घरात मिरचीची फोडणी पडली की पलीकडच्या चार घरांत शिंका. आमचे पूर्वज फार जुन्या काळी इकडे आले एवढं सगळे सांगत. कुठून आले यावर मात्र कुणाचं एकमत नव्हतं. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण रंगलं की दोन्ही. पुरुष मशीनवर बसत, बायका हातशिलाई करत. चिकपेटेतले व्यापारी शिवलेल्या सदऱ्यांचे गठ्ठे पाठवत. बायकांनी काजं करायची, बटणं लावायची आणि गठ्ठा परत द्यायचा. दुकानात सदरा टांगला की त्यावर शिवणाऱ्या मास्तरची चिठ्ठी लागे. काजं करणारीचं नाव कुणी कुठे लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

राधक्काच्या पुढच्या खोलीत हे काम चाले. ती स्वतः, म्हातारी चंपक्का, नुकतं लग्न झालेली सुशी आणि आणखी दोघीतिघी. काज कुठे पडायचं त्याच्या खुणा राधक्का खडूने करून द्यायची. बाकीच्या त्या खुणांवर कात्री चालवायच्या आणि कडा दोऱ्याने विणायच्या. राधक्का हाडापेराने रुंद, उंच, कपाळ मोकळं, बोटं कायम खडूने पांढरी. बोलताना तिचं डोकं किंचित डावीकडे कललेलं असे, कारण डाव्या बाजूला खिडकी होती आणि खिडकीत रेडिओ होता.

तो रेडिओ गल्लीत आला तेव्हा मी लहान होते, पण तो दिवस मला स्वच्छ आठवतो. राधक्काचा नवरा तापाने गेला, त्याला वर्ष झालं होतं. तिच्या सोन्याच्या बांगड्या ट्रंकेत पडून होत्या. विधवेने त्या घालायच्या नाहीत, असा नियम ज्यांनी केला त्यांना कधी बांगड्या घालाव्या लागल्या नव्हत्या. कँटोनमेंटमधलं एक गोरं कुटुंब विलायतेला निघालं होतं आणि घरातलं सामान विकत होतं. राधक्काने बांगड्या मोडल्या, तिकडे गेली आणि घोड्याच्या गाडीतून एक भलामोठा लाकडी रेडिओ गोधडीत गुंडाळून, बाळासारखा मांडीवर घेऊन आली. गाडीवाला म्हणाला, "अक्का, खाली ठेवा की, पाय दुखतील." ती म्हणाली, "तू रस्ता बघ. खड्डा चुकव."

संध्याकाळी तिचे दीर आणि दोन वडीलधारे आले. दीर म्हणाले, "वहिनी, या घरात आता गाणी वाजणार? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते ऐकू येऊ नये म्हणूनच आणलाय."

"आणि दादाने घातलेल्या बांगड्या मोडल्यात?"

"मोडल्या नाहीत. हातात घालू देत नाही तुम्ही, म्हणून कानात घातल्या."

दीर चहा न घेता गेले. जाताना एक वडीलधारे दारात थबकले आणि हळूच विचारून गेले, "यावर सिलोन लागतं का हो?"

लागायचं. रेडिओच्या काचेवर गावांची नावं इंग्रजीत होती. राधक्काला मराठी आणि कन्नड वाचता येई, इंग्रजी नाही. तिने काचेवर रंगीत दोऱ्यांचे तुकडे खळीने चिकटवले. लाल म्हणजे सिलोन, हिरवा म्हणजे धारवाड, पिवळा म्हणजे मुंबई, आणि बेंगळूरला पांढरा, कारण पांढरा दोरा कधी संपत नाही. "सुशी, लाव जरा हिरवा," असं ती म्हणे, आणि खोलीत धारवाडचा माणूस बोलायला लागे. रेडिओ चालू केला की लगेच बोलत नसे. आतले दिवे लाल व्हायचे, घुंई असा बारीक आवाज यायचा, मग कुठूनतरी खोल विहिरीतून यावा तसा शब्द वर यायचा. कुणी घाई केली की राधक्का सांगायची, "आधी तापू दे, मग बोलेल." घुम्या माणसांबद्दलही ती हेच सांगायची. रेडिओ वरून चांगला गरम होई. बेंगळूरच्या गारठ्यात सकाळी बायका सुई धरण्याआधी त्याच्या डोक्यावर बोटं शेकून घेत.

इतरांना गाणी आवडायची. राधक्काला गाण्यांच्या आजूबाजूचे आवाज आवडायचे. दोन केंद्रांच्या मधल्या शिट्ट्या तिला आवडत, म्हणायची, "हा बघ, समुद्र ओलांडतोय." मैफलीआधी तंबोरा लावताना एखादी तार खाली राहते आणि मग हळूच जागेवर येते, त्या क्षणी ती खडू थांबवायची. क्रिकेटचं तिला अक्षर कळत नव्हतं, पण धावतं वर्णन ती मनापासून ऐके. सांगणाऱ्याचा आवाज चढतो आणि त्याच्यामागून हजारो माणसं एकदम ओरडतात, त्याची ती वाट बघत बसे. "कोण जिंकलं गं?" मी विचारलं तर म्हणे, "ते नाही माहीत. पण लोक किती खूश झाले!" आणि सगळ्यांत लाडका आवाज म्हणजे बातम्या देणाऱ्याने कागद उलटल्याचा. तो आला की तिचा चेहरा उजळे. "बघ, आत माणूस आहे. त्यालाही पान उलटावं लागतं."

रेडिओचं तोंड तिने पहिल्या दिवसापासून रस्त्याकडे केलं होतं. सूर्य, पाऊस आणि बातमी कुणाच्या मालकीची नसते हे मी अप्पांनी छापलेल्या पत्रकांत वाचलं होतं. माझे अप्पा छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि मी अक्षरं शिकले तीच कामगारांच्या मागण्यांवरून. राधक्काने एकही पत्रक वाचलं नव्हतं. तिने नुसती खिडकी उघडली आणि पत्रकांत लिहिलेलं करून टाकलं. दुपारी सगळ्या गल्लीतल्या बायका आपापल्या खिडकीशी शिवण घेऊन बसत आणि एकाच रेडिओवर साऱ्या गल्लीची सुई चाले.

रेडिओची एरियलची तार समोरच्या नंजम्माच्या शेवग्याला बांधली होती. नंजम्मा कन्नड बोलणारी, तीही काजं करी, आणि सौद्याला पक्की. "झाड माझं, तर सकाळ माझी," तिने बजावलं. म्हणून सकाळी कन्नड भजनं आणि दुपारपासून बाकीचं जग, असा करार झाला. एकदा राधक्काने सकाळीच सिलोन लावलं. नंजम्माने सरळ झाडाची फांदी धरून हलवायला सुरुवात केली. गायिका गदागदा थरथरायला लागली. "अय्यो, सोडा हो!" राधक्का खिडकीतून ओरडली. "लावते भजन!"

पण खरी राधक्का मी पाहिली ती काजांच्या चुकीनंतर. तेव्हा मी कॉलेजात जात होते.

आम्हाला काम देणारे व्यापारी गोविंदण्णा. आमच्याच समाजातले, चिकपेटेत मोठं दुकान, गळ्यात मापाची फीत दागिन्यासारखी. माणूस दुष्ट नव्हता. पण आपण काम देतो म्हणजे जीव देतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्या दुपारी बायकांच्या कार्यक्रमात एक कन्नड नाटक लागलं होतं. आंधळी आई, परदेशी गेलेला मुलगा, आणि तो परत येतो तो नेमका शेवटी. नाटक चालू असताना राधक्का सदऱ्यांवर खुणा करत होती. मुलाने दार वाजवलं तेव्हा खोलीत सगळ्या रडत होत्या आणि रडत रडत कात्र्या चालवत होत्या. संपूर्ण गठ्ठा झाला, घड्या झाल्या, गेला.

दुसऱ्या दिवशी गोविंदण्णा स्वतः गठ्ठा घेऊन आले आणि त्यांनी तो खोलीच्या मधोमध टाकला. पुरुषांचे सदरे, आणि काजं बायकांच्या बाजूला! खुणाच उलट्या बाजूला पडल्या होत्या, आणि खुणांवर भरवसा ठेवून सगळ्यांनी भोकं पाडली होती.

"हे कोण घालणार?" गोविंदण्णा म्हणाले. "सगळे नवरदेव आपापल्या बायकोचं झंपर घालून मांडवात उभे राहणार का?"

चंपक्का पटकन म्हणाली, "तुमच्या मास्तरनेच काजाच्या पट्ट्या उलट्या लावल्या असतील." तिने मला डोळ्याने खूण केली. मीही मान हलवली असती.

पण राधक्का म्हणाली, "मास्तरचं काही चुकलं नाही. खुणा मी केल्या. नाटक ऐकत होते." तिने गठ्ठा आपल्याकडे ओढला. "पट्ट्या उसवते, नव्या लावते, काजं परत करते. याची मजुरी नको."

"ते तर करालच. पण यापुढे कामाच्या वेळी हा रेडिओ बंद. रेडिओ लागला तर गठ्ठा येणार नाही. एकदाच सांगतो."

"चूक माझ्या हाताची, गोविंदण्णा. शिक्षा सगळ्यांच्या कानाला कशाला?"

"सरी की नाही, कबूल आहे की नाही, तेवढं सांगा."

राधक्काने बायकांकडे बघितलं. त्यांच्या घरची चूल कशावर पेटते ते तिला माहीत होतं. "सरी," ती म्हणाली. "रेडिओ लावणार नाही."

माझं रक्त उसळलं. मी घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं: ऐकण्याचा हक्क. त्यात गुलामगिरी होती, भांडवल होतं, आणि उद्गारचिन्हं इतकी होती की अप्पा म्हणाले, "एवढे खिळे छापखान्यात नाहीत." ते घेऊन मी राधक्काकडे गेले. नव्या पट्ट्यांचं काम चालू होतं. खोलीत कात्रीचा आणि चंपक्काच्या खोकल्याचा आवाज, बाकी काही नाही. समोरच्या खिडकीतही नंजम्मा मान खाली घालून बसलेली. सगळी गल्ली मुकी झाली होती.

राधक्काने पत्रक वाचलं. "चांगलं लिहिलंस, विमले. पण हे वाचणार कोण? हात रिकामे आहेत का कुणाचे?" तिचं डोकं सवयीने डावीकडे कललं, आणि तिथे काही ऐकू येत नाही हे तिच्या लक्षात आलेलं मला दिसलं. "तू उद्या दुपारी ये. हे वाटायचं नाही. वाचायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीत बसली, रेडिओच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून. आधी तिने नाकातून घुंई काढली. मग दातांतून शिट्टी: दोन केंद्रांमधली, समुद्र ओलांडणारी. मग बेतकामाचा जाड कागद हातात घेऊन तो सरसर उलटला. सुशीची सुई हवेत राहिली.

"नमस्कार. शिंपी गल्लीवरून राधक्का बातम्या देत आहे. नंजम्मांच्या शेवग्याला यंदा भरपूर शेंगा लागल्या असून त्यांनी अद्याप कोणालाही दिलेल्या नाहीत."

समोरून ओरड आली, "उद्या देते की! स्वल्प थांबा!"

"हवामान. चंपक्का सकाळपासून ढगाळ आहेत. सायंकाळी सुनेशी गडगडाटाची शक्यता."

गल्लीभर हशा पिकला. खिडक्या धडाधड उघडल्या. मग तंबोरा लागला, एक तार खाली ठेवून. मग क्रिकेट झालं. गोलंदाज धावला आणि सगळ्यांनी मिळून गर्दीचा आवाज काढला. "आता भाषण," म्हणून तिने मला पुढे ढकललं. मी पत्रक वाचलं. चंपक्का झोपली, हे मला नमूद केलं पाहिजे. पण शेवटची ओळ संपल्यावर समोरच्या खिडकीतून टाळी आली, आणि मग शेजारच्या, आणि मग कोपऱ्यावरच्या.

असं दररोज दुपारी चालू झालं. गोविंदण्णांच्या कानावर गेलं की शिंपी गल्लीत रेडिओ पुन्हा वाजतो आहे. ते तावातावाने आले, नेमके बातम्या चालू असताना.

"राधक्का! शब्द दिला होतात!"

"पाळलाय. बंद आहे तो. हात लावून बघा."

गोविंदण्णांनी रेडिओच्या डोक्यावर तळहात ठेवला. गार! त्यांनी मागे वाकून बघितलं. आत अंधार. रस्त्यावर माणसं जमली होती. राधक्काने कागद उलटला.

"आताच हाती आलेलं वृत्त. चिकपेटेतील एका प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी आज दुपारी रेडिओच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्याला ताप नसल्याचं त्यांना आढळलं."

हसण्याने गल्ली हादरली. गोविंदण्णांचा चेहरा लाल झाला. "हे पण बंद! तोंडाचं पण बंद!"

राधक्का उठली. तिच्या आवाजातली बातमीवाली निघून गेली. "रेडिओ माझा होता, तुम्ही सांगितलंत, बंद ठेवला. चुकीची भरपाई केली. पण तोंड आणि कान या गठ्ठ्याबरोबर मोजून दिलेले नाहीत तुम्हाला. ते हवे असतील तर गठ्ठा उचला."

गोविंदण्णांनी खरंच गठ्ठा उचलला.

ते गेल्यावर कुणी हसेना. चंपक्का म्हणाली, "आता जेवायचं काय? बातम्या?" पण लगेच तिने बोटातलं अंगुस्तान काढून डबीत टाकलं आणि झाकण घट्ट लावलं. "ठेवलं बघ. मी पण नाही करत त्याचं काम." सुशीने तिच्या डबीवर आपली डबी ठेवली.

गोविंदण्णा तोच गठ्ठा घेऊन समोर नंजम्माकडे गेले. नंजम्माने हात जोडले. "नको, सावकारा. तुमचा गठ्ठा घेऊन बसले तर त्या खिडकीतून मला ऐकायला काय येणार?" पुढच्या घरात तेच. कोपऱ्यावर तेच. त्यांना वाटलं होतं आपण एका खोलीतला रेडिओ बंद केला. तो साऱ्या गल्लीचा होता, हे त्यांना दारोदार फिरल्यावर कळलं. ना मोर्चा, ना घोषणा. नुसत्या बायका दारात उभ्या आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य: "राधक्काकडे रेडिओ लागू दे, मग आणा."

ते दिवस सोपे नव्हते. चुली मंद झाल्या. काम नव्हतं तरी गोविंदण्णांना दिलेला शब्द म्हणून राधक्काने रेडिओही बंदच ठेवला. राधक्का घरोघरी जाऊन नजरेला नजर देऊन विचारायची, "माघार घेऊ का गं? सांग. मी जाऊन पाय धरते त्यांचे." कुणी हो म्हटलं असतं तर ती गेली असती, याबद्दल मला शंका नाही. कुणी म्हटलं नाही. नंजम्माने शेंगा मात्र घरोघरी वाटल्या. इतक्या वाटल्या की आम्ही शेवग्याला कंटाळलो.

इकडे लग्नसराई तोंडावर आली. गोविंदण्णांच्या दुकानात बटणं होती, सदरे होते आणि भोक एकही नव्हतं. दुसऱ्या पेठेतल्या बायकांना हातचं काम पुरेसं होतं. शेवटी एका दुपारी हमालाच्या डोक्यावर गठ्ठे देऊन ते गल्लीत शिरले. राधक्काच्या पायरीवर बसले आणि उपरण्याने कपाळ पुसलं.

"लावा बाई तुमचा रेडिओ. पण स्वल्प हळू."

"हळू नाही. कोपऱ्यावरच्या घराला ऐकू जायला पाहिजे, तेवढा मोठा." मग ती म्हणाली, "माझीही एक अट आहे, पण ती मलाच. खुणा करताना मी बंद ठेवीन. खुणा संपल्या की लावीन. परत तुमचे नवरदेव झंपरात नको."

गोविंदण्णांनी तिच्याकडे बघितलं. हसू आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही. "सरी, राधक्का. सरी."

त्या आठवड्यात मला सोलापूरला एका छापखान्यात नोकरी लागली, आणि मी गल्ली सोडली ती कायमची. राधक्काही आता नाही. म्हणून त्या दुपारी पाहिलेली राधक्का हीच माझ्याकडे शेवटची.

तिने घाई केली नाही. गठ्ठा सोडला, एकेक सदरा मांडीवर घेतला, काजाची बाजू दोनदा तपासून खुणा केल्या. सगळी गल्ली खिडक्यांत उभी होती, गोविंदण्णा पायरीवर, हमाल भिंतीला टेकून. शेवटची खूण झाली. तिने हात पदराला पुसले आणि बटण फिरवलं. लाल दिवे लागले. घुंई आली. आणि इतक्या दिवसांनंतर, मोठ्या आवाजात, शिंपी गल्लीत रेडिओ बोलला:

"बटाट्यावरील करपा रोगाची लक्षणं प्रथम पानांवर दिसू लागतात..."

शेतकऱ्यांचा कार्यक्रम होता. आमच्या गल्लीत कुणाकडे कुंडीभर मातीही नव्हती. पण एकही खिडकी मिटली नाही. सुशी डोळे पुसत होती. नंजम्मा विजयी सेनापतीसारखी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय लागलंय?" गोविंदण्णा म्हणाले. "बटाटा?"

"गप्प बसा," राधक्का म्हणाली. "ऐकू द्या."

आणि पुसूनही खडूने पांढराच राहिलेला हात बटणावर नेऊन तिने आवाज आणखी थोडा वाढवला.